बासष्ट नंबरची ओळ

एक जाड केबल. एका टोकाला छत्तीस पिना, दोन्ही बाजूंना तारेचे कान.

एक बंद घर. कुलपाला गंज. अंगणात पाचोळा, घोट्यापर्यंत.

चहात साखर... जरा जास्तच.

सेहेचाळीस प्रश्नचिन्हं.

कागद फाडायचा नाही.

"होय म्हाराजा!"

आता हे सगळं एका दोऱ्यात ओवायचं तर सुरुवात साहिलच्या तहानेपासून करावी लागते.

साहिल मूळचा नाते गावचा. महाडला कम्प्युटर दुरुस्तीचं त्याचं छोटंसं दुकान. त्या दिवशी तो कापडे गावाच्या पुढे एका शाळेतला कम्प्युटर बघायला गेला होता. फाल्गुनातलं ऊन, अकराची वेळ, बाटलीत घोटभरही पाणी नाही. कापड्यात रस्त्याला लागून 'सयाजी टायपिंग अँड झेरॉक्स' अशी पाटी दिसली, दाराशी माठ दिसला, तशी त्याने गाडी उभी केली.

आतून एक मुलगी आली. कानामागे पेन्सिल, हाताला शाई. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला, पण सोडला नाही. तांब्याला दोघांचे हात... आणि तिची नजर त्याच्या पाठीवरच्या बॅगेवर. बॅगेतून दोन वायरी लोंबत होत्या.

"कम्प्युटरवाले ना तुम्ही?"

"हो. पण आधी पाणी..."

"जुना प्रिंटर नव्या कम्प्युटरला जोडता येतो?"

"जुना म्हणजे किती जुना?"

"माझ्याहून चार वर्षांनी मोठा."

"तुमचं वय कळल्याशिवाय कसं सांगू?"

तिने तांब्या सोडला. पाणी त्याच्या शर्टावर. "प्या," ती म्हणाली, "आणि आत या."

ती श्रुतिका. श्रुतिका उतेकर.

आत टेबलावर प्रिंटर बसला होता. बसलाच होता, एखाद्या आडदांड चुलत्यासारखा. रंग मुळात पांढरा असावा. रुंदी दोन हात. दोन्ही कडांना भोकं असलेला सलग कागद खालच्या खोक्यातून घडी उलगडत वर येतो, शाईच्या रिबनवर सुया आपटतात आणि अक्षरं उमटतात, त्या जातीचा. मागच्या बाजूला रुंद जुनं तोंड. शेजारी नवा कोरा कम्प्युटर, आणि त्याच्या पाठीवर फक्त बारकी बारकी छिद्रं.

"ह्याला जायला जागाच नाही त्याच्यात," श्रुतिका म्हणाली. "जुना कम्प्युटर गेल्या आठवड्यात जळाला. तो होता तोवर बरं चाललं होतं दोघांचं."

"साधा नवा प्रिंटर का नाही घेत?"

झालं. तिने खुर्ची ओढली, त्याला बसवलं आणि सांगायला सुरुवात केली.

इथून डोंगराकडे त्यांचं गाव, सडेकोंड. घरं एकशे अठरा. शिमग्याला देवाची पालखी प्रत्येक घरी जाते. कुठल्या दिवशी, किती वाजता, कुणाच्या आधी, कुणाच्या नंतर, याची यादी निघते आणि सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यावर, खांबाला टांगली जाते. मुंबईची माणसं त्या यादीवर रजा काढतात. एका वर्षी कुणीतरी हौसेने ती सुट्या पानांवर छापली. वाऱ्याने तिसरं पान उडालं, खालच्या आळीची अकरा घरं त्या पानाबरोबर गेली आणि पालखी तिकडे वळलीच नाही. खालची आळी पुढची तीन वर्षं शिमग्याला आली नाही. तेव्हापासून नियम: यादी एका सलग कागदावर. फाडायची नाही. आणि एकदा टांगली की तिला पेन लावायचं नाही, कारण एका खोडलेल्या नावावरून दोन भावांची डोकी फुटली होती.

"हे दोन नियम गावाचे," ती म्हणाली. "तिसरा माझ्या बाबांचा."

"तो कुठला?"

"तो तुमच्या कामाचा नाही."

एकतीस वर्षं ही यादी तिच्या बाबांनी, सयाजीरावांनी काढली. आता त्यांना दिसायचं कमी झालं होतं. यंदा पहिल्यांदाच श्रुतिका काढणार होती. तिकडे मुंबई मंडळाचा सेक्रेटरी चंदू टपूनच बसला होता. यादी मुंबईत करतो, मोबाईलवर पाठवतो, कशाला पोरीबाळींच्या हातात द्यायची, असं त्याचं म्हणणं. गावचे मानकरी रावजीबाबा शेवटी म्हणाले होते, होळीच्या दोन दिवस आधी यादी टांगली, सलग आणि बिनचूक, तर काम ह्या पोरीचं. नाय तर चंदूचं.

"होळी कधी?" साहिलने विचारलं. विचारताना त्याला स्वतःचीच लाज वाटली, कोकणातला माणूस असून.

"येत्या शनिवारी. म्हणजे मला गुरुवार."

"आज सोमवार."

"हुशार आहात की."

मग तो शाळेचं काम विसरला. प्रिंटर चालतो का हे तरी बघू म्हणून त्याने एक बटण दाबून धरलं आणि मागचा खटका चालू केला. क्षणभर काहीच नाही. आणि मग...

कर्रर्र! कर्रर्र! कर्रर्र!

सगळं टेबल थरथरलं. प्रिंटर कुणालाही न जोडता आपला आपण इंग्रजी अक्षरांच्या ओळी ओकू लागला. श्रुतिकाने दोन्ही हात तोंडावर नेले आणि त्या हातांआडून इतकी मोकळी हसली की साहिलचा हात बटणावरच राहिला.

"बोलला! आठ दिवसांनी बोलला हो!"

"ही त्याची स्वतःची तपासणी. तब्येत ठणठणीत आहे. फक्त नव्याची भाषा त्याला कळत नाही."

"तुम्हाला कळते?"

"दोघांची."

"मग लावून द्या की त्यांचं," ती म्हणाली... आणि आपण काय बोललो ते ऐकून झेरॉक्स मशीनकडे वळली. मशीन बंद होतं.

*

मंगळवार.

महाडच्या तीन दुकानांत त्याला हसले. चौथ्याने विचारलं, संग्रहालय काढताय काय. शेवटी केबल त्याच्याच दुकानाच्या माळ्यावर, एका मोडक्या स्कॅनरखाली सापडली. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला छत्तीस पिनांचं रुंद तोंड. साहिलने ती फुंकून, पुसून, कुणाच्या घरी पहिल्यांदा जाताना शर्टाची इस्त्री बघावी तशी उन्हात धरून पाहिली.

बाराला तो कापड्यात होता. काल त्याने शर्ट कुठला घातला होता हे त्याला आठवत नव्हतं, आज कुठला घातलाय हे मात्र पक्कं माहीत होतं.

शेजारची गोदूबाई, तीही सडेकोंडचीच, चहा घेऊन आली. ती रोजच आणायची, पण आज कप दोन.

"ह्यो कोण गो?"

"प्रिंटर जोडायला आलेत, मावशी."

"पिरंटर!" गोदूबाईने साहिलला केसांपासून बुटांपर्यंत पाहिलं. "भांग चांगला पाडलाय पिरंटरासाठी."

चहा भयंकर गोड होता. साहिलने तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

केबल बसली. तारेचे कान खट्ट खट्ट करून मिटले. कम्प्युटरने 'टुडुंग' केलं. श्रुतिकाने श्वास रोखला. साहिलने प्रिंट दिली.

काही नाही.

पुन्हा दिली. प्रिंटर ढिम्म.

"रुसलाय," श्रुतिका म्हणाली.

"रुसला नाही. कम्प्युटर अजून जुन्याच दारावर हाका मारतोय." त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "हे बघा, इथे जुन्या पोर्टचं नाव आहे. ते दार ह्या घरात नाहीच. आपण आलोय यूएसबीच्या दारातून. त्याच्यावर खूण करायची... अशी."

"म्हणजे माणूस मागच्या दारी उभा आणि आपण पुढच्या दारी वाट बघतोय."

"अगदी." तो तिच्याकडे बघून म्हणाला. गरजेपेक्षा दोन सेकंद जास्त.

तिने पेन्सिल कानामागून काढली, परत तिथेच लावली.

प्रिंट. कर्रर्र! सुया धावल्या, कागद उलगडला, दोघंही एकदमच वाकले आणि डोकं डोक्यावर आपटलं. कपाळ चोळत पाहतात तो काय, घर नंबर एक, मानकरी रावजी यांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! आकडे शाबूत, मराठी सगळी गायब.

"अरे देवा," श्रुतिका मटकन बसली. "रावजीबाबांना मी काय सांगू? तुम्ही प्रश्नचिन्ह आहात म्हणून?"

"साध्या अक्षरांवर टाकलाय मी, म्हणून. मराठी त्याला चित्रासारखी काढायला लावली पाहिजे. त्याचं बरोबर सॉफ्टवेअर लागेल. इथे रेंज नाही, महाडहून घेऊन येतो उद्या." आणि घाईघाईने, "तोवर तुमचं काम सुरक्षित. मी दर दोन मिनिटांनी फाईल आपोआप सेव्ह होईल असं करून ठेवलंय. लाईट गेली तरी एक अक्षर जाणार नाही."

हे वाक्य तो छाती पुढे काढून बोलला होता. लक्षात असू द्या.

श्रुतिका कप विसळायला मागे गेली. साहिल यादी वर-खाली करत बसला. साठ, एकसष्ट, बासष्ट... बासष्टसमोर कोरं. काही नाव नाही.

"ही जागा रिकामी का?" त्याने हाक मारून विचारलं.

"बंद घर आहे," मागून आवाज आला. "नऊ वर्षं कुणी आलं नाही मुंबईहून. नंबर काढायचा नसतो पण. पालखी तिथेही थांबते. ढोल बंद करतात, घटकाभर नुसतं उभं राहतात... आणि निघतात."

साहिल त्या कोऱ्या ओळीकडे बघत राहिला. कप विसळल्याचा आवाज येत होता. तिच्या बांगड्यांचाही. उद्या सॉफ्टवेअर आणायचं, दहा मिनिटांत काम संपणार. मग परवा कशाला यायचं? कुठल्या तोंडाने? पुन्हा तहान लागली म्हणून?

त्याची बोटं आपोआप चालू लागली. बासष्टसमोर त्याने एक ओळ लिहिली आणि तेवढीच ओळ प्रिंटला दिली. छापून काय येणार हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तर लिहायचा धीर झाला.

62. ????, ?? ??????? ??????? ???? ??? ???. ??? ??????? ??????.

ती हात पुसत आली. कागदावर वाकली.

"काय लिहिलंत?"

"टेस्ट."

"टेस्टमध्ये स्वल्पविराम असतो?"

"...असू शकतो."

"दोन पूर्णविरामही आहेत." तिने पेन्सिलच्या टोकाने मोजायला सुरुवात केली. ओठ नुसते हलत होते. "सेहेचाळीस. केवढी मोठी टेस्ट ही!"

साहिलचे कान तापले. खोडायला त्याने माऊसकडे हात नेला आणि लाईट गेली.

पडदा काळा. पंखा थांबला. दोघं एकमेकांच्या श्वासाइतक्या अंतरावर, आणि दारात गोदूबाई. "लाईट गेली काय गो? चार वाजेस्तोवर नाय यायची आता. जा रे बाबा तू, तुझा पिरंटर काय पळून जात नाय."

कशेडीकडून येणारे ट्रक, महाडपर्यंतचा रस्ता, पळसाची पेटलेली झाडं, यातलं काहीही साहिलला दिसलं नाही. ओळ सेव्ह केली नव्हती, लाईटबरोबर गेली असणार, एवढं मात्र त्याने मनाला बजावलं.

छाती पुढे काढून बोललेलं वाक्य त्याला आठवलं नाही.

*

बुधवार लहान होता.

सॉफ्टवेअर टाकलं. प्रिंट दिली. प्रिंटर विचारात पडला. मग सावकाश, एकेका ओळीवरून दोन दोन फेऱ्या मारत, त्याने काना काढला, मात्रा काढली, वर रेघ ओढली:

1. मानकरी रावजी धोंडू उतेकर. होळीचा दुसरा दिवस, सकाळी ९.

आतल्या खोलीतून सयाजीराव भिंत चाचपत आले. कागदावरून त्यांनी बोटं फिरवली. सुयांनी कागदाला उठाव येतो, तो त्यांना वाचता आल्यासारखा वाटला. "झाला गो सुरू?"

"झाला, बाबा!"

श्रुतिकाने आनंदाच्या भरात साहिलचा हात धरला. धरला, हलवला आणि सोडला. शाई त्याच्या मनगटावर राहिली.

"मग... निघतो मी."

"निघा," ती म्हणाली.

दोघंही हलले नाहीत.

"बाकीची यादी मी बाबांबरोबर काढते. रात्र व्हायच्या आत झाली पाहिजे."

"हो. काही अडलं तर..."

"काही अडणार नाही," तिने सांगितलं. हसून सांगितलं, पण सांगितलं. साहिल महाडला पोचला तेव्हा त्याला कळलं की आयुष्यात पहिल्यांदाच आपण एखादं काम नीट केल्याचं वाईट वाटतंय.

*

गुरुवार. दुपारी बारा.

मोबाईलवर मित्राने पाठवलेला फोटो. खाली हसणारी आठ तोंडं. वरून लोंबणारा सलग कागद, आणि त्यातली कुणीतरी मोठी करून दाखवलेली एक ओळ.

62. देवा, हा प्रिंटर इतक्यात सुरू होऊ नये. मला उद्याही यायचंय.

साहिल उभा राहिला. खुर्ची मागे पडली.

बिनचूक. सलग आणि *बिनचूक*. एकतीस वर्षांचं काम, आंधळे होत चाललेले बाबा, टपून बसलेला चंदू. आणि त्याने, त्याच्या दोन बोटांनी...

शटर अर्धंच ओढून तो निघाला. पोलादपूर, कापडे, मग डोंगराचा कच्चा रस्ता. सडेकोंडच्या सहाणेवर पन्नासेक माणसं होती. मुंबईची पोरं फोटो काढत होती. खांबाशी श्रुतिका उभी. ताठ. पेन्सिल कानामागे. तिने त्याला येताना पाहिलं, पण चेहऱ्यावर काहीच नाही.

"हे बघा!" चंदू ओरडत होता. बगलेत पिशवी, कपाळाला घाम. "म्हणून सांगत होतो मी. देवाची यादी आणि त्याच्यात प्रिंटर! मंडळाची बदनामी हाय ही. पान बदला नाय तर खोडा."

"पान नाय. कागद हाय," चौथऱ्यावर बसलेले रावजीबाबा म्हणाले. "आन टांगलेल्या कागदाला पेन लावायचा नाय. लिवलंय कोनी ते सांगा आधी."

सगळे श्रुतिकाकडे बघू लागले. ती तोंड उघडणार, एवढ्यात...

"मी!"

माणसं बाजूला झाली. साहिल पुढे आला. हेल्मेट काढायचं राहूनच गेलं होतं.

"मी लिहिलं. ह्यांचा काही दोष नाही. मी नात्याचा साहिल खोपकर, प्रिंटर जोडायला आलो होतो. तेव्हा मराठी उमटत नव्हती, म्हणून लिहिलं... उमटत असती तर धीर झाला नसता. खोडायच्या आत लाईट गेली. यादी बिनचूकच आहे. चूक माझी आहे."

"आधी डोक्यावरचा काढ," रावजीबाबा म्हणाले. "मानूस दिसू दे."

त्याने काढलं. गर्दीतून गोदूबाईचा आवाज आला, "ह्योच तो! भांग पाडून येतो बघा!"

सहाण हसली. रावजीबाबा हसले नाहीत. त्यांनी चष्मा लावला, ओळ परत वाचली. मोठ्याने, एकेक शब्द. "'देवा', असा लिवलाय. मंजी ह्यो देवाशी बोललाय. चंदू, देवाला लिवून सांगितला तर त्याला काय म्हनतात रे?"

चंदूने पिशवी दुसऱ्या बगलेत घेतली.

"गाऱ्हाना म्हनतात. गाऱ्हाना यादीत नसावा असा कुठं नियम हाय? नाय ना? मग चूक कसली?" ते साहिलकडे वळले. "पन दुसऱ्याच्या ओळीत घुसलायस तू. आता ते दार तुझा. अंगन झाडायचा, सारवायचा, पालखी येईल तवा नारळ घेऊन उभा ऱ्हायचा. जमल?"

"जमेल."

"सारवता येतं का पन?" कुणीतरी विचारलं.

"शिकेन."

श्रुतिका खाली बघत होती. पण पेन्सिल कानामागून निघाली होती आणि बोटांत गरागरा फिरत होती.

*

बासष्टची वेळ, यादीतल्या एकसष्ट आणि त्रेसष्टच्या मधली: तिसऱ्या दिवशी, दुपारी चार.

साहिल सकाळी आठपासून तिथे. पाचोळ्याच्या सात टोपल्या निघाल्या. सारवण पहिल्यांदा ओलं झालं, मग कोरडं, मग गोदूबाईने त्याच्या हातातून शेणाचा गोळा काढून घेतला आणि त्याच्या सात पिढ्यांना नावं ठेवत अर्धं अंगण सारवून दाखवलं. उरलेलं अर्धं त्याचं. वाकडंतिकडं, पण मनापासून. दुपारी श्रुतिका रांगोळीचा डबा घेऊन आली. उंबऱ्याशी बसली. न बोलता एक चौकोन काढला, त्याला दोन कान काढले.

"हे काय?"

"प्रिंटर."

"कान तर केबलला असतात."

"माझ्या रांगोळीत ह्यालाच आहेत. सगळं ऐकतो तो."

ढोल वळणावर आले. पालखी नाचत आली, खांद्यांवरून खांद्यांवर, आणि नऊ वर्षांच्या सवयीने ढोलवाल्यांनी बासष्टच्या दारात टिपऱ्या खाली घेतल्या. शांतता. मग त्यांना झाडलेलं अंगण दिसलं, दारातला दिवा दिसला, घामाघूम झालेला पोरगा दिसला, आणि कुणीतरी न राहवून एक ठोका दिला. मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनी!

रावजीबाबांनी हात वर केला. नारळ घेतला.

"बा देवा म्हाराजा..."

"होय म्हाराजा!" सगळं गाव.

"आज नात्याचा ह्यो लेकरू तुझ्या पायाशी गाऱ्हाना घालतोय..."

"होय म्हाराजा!"

"त्याचा पिरंटर इतक्यात सुरू होऊ नये असा मागत होता. ता काय तू ऐकलास नाय..."

"होय म्हाराजा!" आता हसू फुटत होतं.

"पन त्याला उद्याही यायचा हाय. काय आडवाआडवी असल ती दूर कर आन त्याला येऊ दे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजाऽऽ!"

नारळ फुटला. रावजीबाबा तिथेच वळले. "गो श्रुतिका. देवानं सांगितलान. तू सांग. येऊ दे काय ह्याला उद्या?"

एकशे अठरा घरांची माणसं तिच्याकडे वळली. तिने साहिलकडे पाहिलं. त्याच्या गालाला शेण लागलं होतं, हातात अर्धी करवंटी, आणि डोळे... अगदी त्या जास्तीच्या दोन सेकंदांत होते तसे.

"येऊ दे," ती म्हणाली. "येताना रिबन आणायला सांगा. यादी काढून काढून फिकी झालीय."

"कुठली आणू?" साहिलने विचारलं. "तुम्हाला..."

"तुम्हाला काय! गावासमोर एवढं झालं आणि अजून तुम्हाला?" तिने त्याच्या हातातली करवंटी काढून घेतली. "काळी आण. आणि लवकर ये. चहा गार झालेला गोदूमावशीला चालत नाही."

ढोल पुन्हा वाजू लागले. पालखी त्रेसष्टकडे निघाली.

सयाजीरावांचा तिसरा नियम असा होता, की छापायला देण्याआधी यादी पडद्यावर एक ते एकशे अठरा दोनदा वाचून काढायची. त्या बुधवारी संध्याकाळी श्रुतिकाने ती दोनदा वाचली होती.